चाळीस संगणक आणि एक घड्याळ: क्लस्टरवर ग्रिड उभारताना नेमकं काय करावं लागतं

२६ सप्टेंबर २०२४ ला ‘परम रुद्र’ मालिकेतले तीन सुपरकॉम्प्युटर पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात राष्ट्राला अर्पण झाले. ती बातमी वाचून आमच्या लॅबमधल्या एका मुलाने मला विचारलं, “मॅडम, आपले चाळीस कॉम्प्युटर रात्रभर नुसते पडून राहतात. ते सगळे जोडले तर आपला पण सुपरकॉम्प्युटर नाही का होणार?”

मी नागपुरातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर चालणारे सर्व्हर सांभाळते. हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं आणि दरवर्षी मला त्याचा आनंद होतो, कारण आज जगात जी मोठी गणनयंत्रं चालतात त्यांतली बहुतेक याच प्रश्नातून जन्मली आहेत. उत्तर ‘हो’ असंच आहे. पण केबल जोडल्या, सॉफ्टवेअर टाकलं आणि झालं, असं ते काम नाही. त्या चाळीस यंत्रांचं काही गोष्टींवर एकमत व्हावं लागतं: आत्ता किती वाजले, कोण कोण आहे, फाइल कुठे आहे आणि आधी नंबर कोणाचा. एकमत झालं की सॉफ्टवेअर दुपारभरात बसतं. नाही झालं, तर महिनाभर डोकं फोडलं तरी बसत नाही.

कोराडीची वीज आणि ‘ग्रिड’ हा शब्द

धरमपेठेतल्या घरात फ्रीज लावला की तो चालू होतो. त्यातली वीज कोराडीची की खापरखेड्याची की कोणत्या धरणाची, हे फ्रीजला कळत नाही आणि आपल्यालाही विचारावं लागत नाही. नव्वदच्या दशकात इयान फॉस्टर आणि कार्ल केसलमन या संशोधकांनी हाच विचार संगणकाला लावला. भिंतीतल्या सॉकेटमधून वीज मिळते तशी गणनशक्तीही मिळावी, यंत्र कोणत्या गावात आहे याची फिकीर वापरणाऱ्याला नसावी. म्हणून नाव पडलं ग्रिड.

विजेच्या ग्रिडमधली एक गोष्ट मात्र लोक विसरतात. जोडलेलं प्रत्येक जनित्र सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच तालात फिरावं लागतं. दक्षिणेतली राज्यं कितीतरी वर्षं आपल्या वेगळ्या तालात चालत होती. उर्वरित देशाशी त्यांची जोडणी होती, पण ती अशा खास यंत्रणेतून, जिला दोन्ही बाजूंचा ताल एक असण्याची गरज नसते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने ती खऱ्या अर्थाने राष्ट्रीय ग्रिडमध्ये आली आणि सगळा देश एका तालावर फिरू लागला. संगणकांचंही असंच आहे. आमच्या लॅबमध्ये केबल पहिल्याच दिवशी ओढून झाल्या होत्या. ताल जुळायला पुढचे कितीतरी आठवडे गेले.

क्लस्टर म्हणजे काय, ग्रिड म्हणजे काय

हे दोन शब्द एकदाच नीट वेगळे करून घेऊ.

क्लस्टर म्हणजे एका खोलीतले, एका मालकाचे, एकमेकांना वेगवान नेटवर्कने जोडलेले संगणक, जे बाहेरून एकच मोठं यंत्र वाटतात. त्यातल्या प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. एक मुख्य नोड असतो, लोक त्यावर लॉगिन करतात. बाकीचे नोड मागे राहून राबतात. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साध्या ४८६ प्रोसेसरच्या १६ संगणकांचा असा क्लस्टर लिनक्सवर उभा केला. त्याला बेओवुल्फ नाव दिलं. बाजारात मिळणाऱ्या डब्यांतून सुपरकॉम्प्युटरचं काम होतं हे त्यांनी दाखवलं, आणि विद्यापीठांना वाट मोकळी झाली.

ग्रिड म्हणजे असे अनेक क्लस्टर, वेगवेगळ्या गावांतले, वेगवेगळ्या मालकांचे, तरीही ठरलेल्या नियमांनी एकमेकांचं काम घेणारे. मालक वेगळे असणं हीच ग्रिडची खूण. एका घरातल्या भावंडांनी मिळून राहणं वेगळं आणि सगळ्या गल्लीने मिळून गणपती बसवणं वेगळं.

आपल्याकडे हे बाहेरून आलेलं खूळ नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक हे सरकारी संगणन संशोधन केंद्र स्थापन झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र राबवूनच. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातले, आणि त्यांची इंजिनिअरिंगची पदवी नागपूरची, तेव्हाच्या व्हीआरसीईची, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीची. पुढे सी-डॅकनेच ‘गरुड’ या नावाने देशातल्या संशोधन संस्थांना जोडणारा ग्रिडही चालवला. विदर्भातल्या मुलांनी हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी घड्याळ

आता आमच्या खोलीत या. लॅबचे चाळीस संगणक वेगळे, हा आमचा जुना क्लस्टर: अठरा जुने सर्व्हर, त्यांना जोडणारा एक नेटवर्क स्विच, एक मुख्य नोड. उन्हाळ्यातल्या एका रविवारी परिसरातली वीज चार तास गेली. यूपीएसने जेवढं धरायचं तेवढं धरलं आणि सगळं बंद पडलं. सोमवारी सकाळी सगळे डबे सुरू केले. पंखे फिरले, हिरवे दिवे लागले, पण क्लस्टरने मात्र अठरापैकी सात नोड ‘डाउन’ दाखवले. एक विद्यार्थिनी पडद्याकडे बघत म्हणाली, “मॅडम, हे चालू आहे तरी बंद का दाखवून राहिलं?”

तिचं बरोबर होतं. नोड चालू होता, नेटवर्क चालू होतं, लॉगिन होत होतं. आम्ही दुपारपर्यंत केबल बदलल्या, स्विचचं पोर्ट बदललं, नोडना कामं वाटून देणारं स्लर्म नावाचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. शेवटी तिनेच सहज त्या नोडवर तारीख विचारली. उत्तर आलं १ जानेवारी, आणि साल होतं त्या मदरबोर्डच्या जन्माचं.

झालं होतं असं. प्रत्येक संगणकाच्या मदरबोर्डवर बटणाएवढा एक सेल असतो, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा. जुन्या यंत्रांतले ते सेल कधीच संपले होते. वीज अखंड होती तोवर काही कळलं नाही. वीज गेली आणि सात यंत्रांची घड्याळं एकदम मागे, कारखान्यातल्या तारखेवर गेली.

पण घड्याळ चुकलं म्हणून क्लस्टर का अडावा? मुख्य नोड मागच्या नोडला जो निरोप पाठवतो त्यावर शिक्का असतो, हा निरोप खरंच माझाच आहे असं सांगणारा. स्लर्मसोबत हा शिक्क्याचा कारभार मंज नावाची छोटी प्रणाली बघते. सगळ्या नोडवर एकच गुप्त किल्ली ठेवलेली असते आणि शिक्क्यात वेळही लिहिलेली असते. शिक्का साधारण पाच मिनिटंच चालतो. कोणी चोरून जुना निरोप परत पाठवला तर तो मानला जाऊ नये, म्हणून ही काळजी. आमच्या सात नोडना वाटत होतं की मुख्य नोडचं पत्र कित्येक वर्षं पुढून, भविष्यातून आलंय. त्यांनी ते नाकारलं. आपलं काम त्यांनी चोख केलं होतं.

मूळ चूक आमचीच होती. मागच्या नोडना इंटरनेट नसतं आणि नसावंही, पण त्यांना वेळ इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून घ्यायला सांगून ठेवलं होतं. जिथे पोचताच येत नाही तिथून ते वेळ काय घेणार? उपाय दोन ओळींचा निघाला. मुख्य नोडने बाहेरून वेळ घ्यायची आणि बाकी सगळ्यांनी मुख्य नोडकडून. लिनक्सवर हे काम क्रोनी नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. सेलही बदलले. संध्याकाळी पाचला अठराचे अठरा नोड परत रांगेत उभे होते.

नाव नव्हे, नंबर

दुसरं एकमत ओळखीचं. आपल्याला वाटतं की लिनक्समध्ये फाइलवर मालकाचं नाव लिहिलेलं असतं. तसं नसतं, नंबर लिहिलेला असतो. आपल्याला दिसावं म्हणून पडद्यावर त्या नंबराच्या जागी नाव येतं, एवढंच. समजा मुख्य नोडवर एका मुलीचा नंबर १००१ आहे आणि तिसऱ्या नोडवर खाती हाताने उघडताना १००१ दुसऱ्याच मुलाला गेला. तिने आपल्या प्रबंधाची फाइल मुख्य नोडवरून सामायिक डिस्कवर ठेवली. तिसऱ्या नोडवर तीच फाइल त्या मुलाची दिसेल. तो ती उघडेल, पुसूही शकेल, आणि यात चोरी कोणीच केलेली नसेल. वसतिगृहाच्या दोन इमारतींत खोल्यांचे नंबर तेच आणि कुलपंही तीच असावीत, तसं हे.

म्हणून खाती नोडगणिक उघडायची नाहीत. एका जागी उघडायची आणि सगळ्यांनी तिथे विचारायचं. मोठ्या ठिकाणी त्यासाठी वेगळी निर्देशिका चालवतात. वीस नोडच्या खाली असाल तर एकच यादी सगळीकडे आपोआप कॉपी होईल अशी सोय पुरते. मी लहान क्लस्टरला साधा मार्गच सुचवते, कारण निर्देशिका बंद पडली की कोणालाच लॉगिन होत नाही, आणि ती दुरुस्त करणारा माणूस नेमका सुटीवर असतो.

फाइलींची जागाही एकच हवी. मुख्य नोडची डिस्क एनएफएस या जुन्या, भरवशाच्या पद्धतीने सगळ्यांना दिसते. विद्यार्थी आपला प्रोग्रॅम एकदाच ठेवतो आणि प्रत्येक नोडला तो त्याच पत्त्यावर सापडतो. इथे एक सावधगिरी. अठरा नोड एकदम हजारो बारीक फाइली लिहू लागले की ही एकटी डिस्क गुदमरते आणि लोक खापर फोडतात प्रोसेसरवर. तात्पुरत्या फाइली नोडच्या स्वतःच्या डिस्कवर लिहायच्या आणि शेवटचा निकाल तेवढा सामायिक जागेत आणायचा, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवावं.

स्टेशनमास्तर

तिसरं एकमत रांगेचं, आणि लोक ज्याला ‘ग्रिडचं सॉफ्टवेअर’ म्हणतात ते मुख्यतः हेच.

नागपूर स्टेशन डोळ्यांसमोर आणा. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन मोठे मार्ग इथे एकमेकांना छेदतात. गाड्या चारी दिशांनी येतात आणि फलाट मोजके. मोटरमनने मनाने फलाट निवडला तर काय होईल ते सांगायला नको. फलाट ठरवायला स्टेशनमास्तर लागतो. क्लस्टरवर हेच काम शेड्युलर करतो. विद्यार्थी थेट नोडवर जाऊन प्रोग्रॅम चालवत नाही, तो मागणी नोंदवतो: मला इतके प्रोसेसर, इतकी मेमरी आणि इतका वेळ हवा. शेड्युलर जागा झाली की काम सुरू करतो. विद्यार्थी तेव्हा झोपलेला असला तरी चालतं.

आज विद्यापीठांत सर्वांत जास्त दिसणारा शेड्युलर स्लर्म. तो २००२ च्या सुमारास अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झाला. त्याआधी बऱ्याच कॉलेजांत सन ग्रिड इंजिन असायचं. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली, ग्रिड इंजिनच्या वेगवेगळ्या फांद्या झाल्या आणि लोक हळूहळू स्लर्मकडे वळले. स्लर्म मुक्त आहे, विकत घ्यावा लागत नाही.

विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार असते, “माझं काम छोटं आहे, तरी रांगेत का?” इथेही स्टेशनच आठवा. लांब मालगाडीला तीन लागोपाठ मार्ग मोकळे हवे आहेत आणि ते अर्ध्या तासाने होणार आहेत. मधल्या वेळात दहा मिनिटांत निघून जाणारी पॅसेंजर त्यातल्या एका मार्गावरून काढता येते, मालगाडीला क्षणाचाही उशीर न होता. शेड्युलर हे सतत करत असतो. पण त्यासाठी पॅसेंजरने ‘मला दहाच मिनिटं लागतील’ असं खरं सांगायला हवं. तीन तासांच्या कामाला सात दिवस मागणारा मुलगा स्वतःच स्वतःला रांगेत मागे ढकलतो. आणि दोन तास मागून पाच तास चालवणाऱ्याचं काम दोन तासांनी तोडलं जातं. प्रामाणिक अंदाज अधिक थोडी सवड, हेच योग्य.

बसवताना अडखळायला लावणारी एक बारीक गोष्ट सांगते, कारण इथे मी स्वतः अडखळले आहे. स्लर्मच्या मांडणीच्या फाइलमध्ये प्रत्येक नोडची मेमरी लिहावी लागते. डब्यावर ६४ जीबी लिहिलं आहे म्हणून आपण ६५५३६ एमबी लिहितो. पण त्यातला काही भाग बूट होतानाच हार्डवेअर आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःसाठी ठेवून घेतात. नोड खरं सांगतो की माझ्याकडे थोडी कमी आहे. स्लर्म म्हणतो, कबूल केलं होतंस त्यापेक्षा कमी आहे, आणि नोड बाजूला काढतो. यंत्रात काहीच बिघाड नसतो. नोडलाच त्याची मेमरी विचारायची, तो सांगेल त्याहून जराशी कमी लिहायची, की झालं. आणि ही फाइल सगळ्या नोडवर अक्षर न् अक्षर सारखी हवी. एका नोडवर जुनी प्रत राहिली की चमत्कारिक लक्षणं दिसू लागतात.

चाळीस संगणक म्हणजे चाळीसपट वेग?

नाही, आणि ही गोष्ट कोणाकडे पैसे मागायला जाण्याआधी समजून घ्यायला हवी.

होळीला पुरणपोळ्या करायच्या आहेत. लाटायला दहा जणी बसल्या तर लाटणं झटपट होईल. पण डाळ शिजायला लागणारा वेळ दहा जणी आल्या म्हणून कमी होत नाही. प्रत्येक कामात असा डाळ शिजण्याचा भाग असतो, जो वाटून करता येत नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये याचा हिशोब मांडला. कामाचा फक्त ५ टक्के भाग जरी वाटता येण्याजोगा नसेल, तरी चाळीस यंत्रांवर वेग साडेतेरापटच होतो, आणि हजारो यंत्रं लावली तरी वीसपटीच्या पुढे कधीच जात नाही.

काही कामं मात्र जवळजवळ पूर्ण वाटता येतात. समजा कपाशीच्या पानांचे २०,००० फोटो आहेत आणि प्रत्येकात रोग आहे का ते तपासायचं आहे. एका फोटोला ३० सेकंद धरले तर एका संगणकाला जवळपास सात दिवस लागतील. चाळीस संगणकांनी पाचपाचशे फोटो वाटून घेतले तर चार तास दहा मिनिटांत काम संपेल. एका फोटोला दुसऱ्याशी बोलायचंच नाही. शेती, माती, पाणी, औषधांचे रेणू या विषयांत अशी कामं भरपूर असतात. आणि आपल्या नागपुरात तर कापूस संशोधन संस्था, मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय आणि पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी, तिन्ही आहेत.

याउलट हवामानाचं गणित. नकाशाचे चौकोन करून प्रत्येक नोडला काही चौकोन दिले, तर प्रत्येक पावलावर शेजारच्या चौकोनाचं तापमान आणि वारा विचारावा लागतो. इथे हिशोबापेक्षा विचारण्यातच वेळ जातो. साध्या इथरनेटवर एका निरोपाला दहा-वीस मायक्रोसेकंद किंवा जास्तच लागतात. इन्फिनिबँड नावाच्या महागड्या जोडणीवर एक-दोन. मोठ्या सुपरकॉम्प्युटरमध्ये पैसा मुरतो तो बऱ्याच अंशी अशा जोडणीत. म्हणून लॅबचे चाळीस संगणक परम रुद्र होणार नाहीत. पण पानांच्या फोटोंसाठी ते सोन्यासारखे आहेत.

मग रात्री रिकामे असलेले संगणक?

यासाठी वेगळं सॉफ्टवेअर आहे आणि ते जुनं, मुरलेलं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन–मॅडिसन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने १९८८ पासून कॉन्डॉर विकसित केलं. २०१२ पासून त्याचं नाव एचटीकॉन्डॉर आहे. रिकामा संगणक हेरायचा, त्यावर काम सोडायचं, आणि कोणी माउस हलवला की काम थांबवून खुर्चीवरच्या माणसाला यंत्र मोकळं करून द्यायचं, असा त्याचा स्वभाव. पाहुण्याने यजमानाला त्रास होऊ द्यायचा नाही, हा नियम त्याच्या रचनेतच आहे. हेही मुक्त आहे.

आमच्या लॅबमध्ये हे अडलं ते मेन स्विचवर. संध्याकाळी सहाला लॅब बंद करताना मेन स्विच खाली ओढायचा, असा नियम. आगीच्या भीतीने केलेला, आणि त्यात चूक काही नाही. रात्रभर लॅब चालू ठेवायची तर वायरिंगची तपासणी, धुराचा अलार्म, रखवालदाराला सूचना, वीजबिल कोणत्या खात्यातून जाणार याचा निर्णय, हे सगळं आधी व्हायला हवं. सॉफ्टवेअर मी शनिवारी दुपारी बसवलं. परवानगीला एक सत्र लागलं. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी अर्ज आधी करावा आणि डाउनलोड नंतर.

गावाबाहेर पाऊल टाकताना

क्लस्टर कॉलेजच्या भिंतीच्या आत असतो, तिथे एक गुप्त किल्ली पुरते. दुसऱ्या संस्थेशी जोडायचं म्हटलं की प्रश्न बदलतो. त्यांनी आमच्या विद्यार्थ्यावर का विश्वास ठेवावा? आणि तो खरंच आमचा आहे हे कशावरून?

यावर ग्रिडवाल्यांनी जे शोधलं ते आपल्याला कोर्टकचेरीतून ओळखीचं आहे. आधी दाखला: दोन्ही बाजूंना मान्य असलेली एक संस्था कागदपत्रं तपासून डिजिटल प्रमाणपत्र देते. मग मुखत्यारपत्र: प्रत्येक यंत्रासमोर मूळ प्रमाणपत्र काढून दाखवणं धोक्याचं, म्हणून त्यावरून एक अल्पायुषी प्रत बनवतात, सहसा १२ तास चालणारी. तीच कामासोबत गावोगाव फिरते. ती कोणाच्या हाती लागली तरी उद्यापर्यंत निकामी होते. आणि शेवटी पाहुण्यांची यादी: अमुक प्रमाणपत्राचा माणूस आला तर आमच्याकडच्या अमुक खात्यावर त्याला उतरवा. ही यादी साध्या अक्षरांतली एक फाइल असते. तिच्यात एक स्वल्पविराम चुकला तरी पाहुणा दारातूनच परत जातो.

फॉस्टर आणि केसलमन यांच्या गटाचं ग्लोबस टूलकिट हे सगळं एकत्र देत असे आणि दशकभर ग्रिड म्हटलं की ग्लोबस, असं होतं. मूळ गटाने २०१८ मध्ये त्या मुक्त टूलकिटचा सांभाळ थांबवला आणि इतरांनी तो पुढे नेला. आता प्रमाणपत्रांची जागा हळूहळू टोकन घेत आहेत, म्हणजे ‘या माणसाला एवढंच काम करू द्या’ असं सांगणारी डिजिटल चिठ्ठी. आज कोणी जुन्या पुस्तकावरून ग्लोबस बसवायला निघालं असेल तर मी थांबवेन. कल्पना त्यातून जरूर शिका, सॉफ्टवेअर नवं घ्या.

हे खरंच चालतं का? जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत कणांच्या टकरींतून जो माहितीचा महापूर येतो तो अशाच ग्रिडवर वाटला जातो. चाळीसहून जास्त देशांतली सुमारे १७० केंद्रं त्यात आहेत. आपल्याकडून मुंबईचं टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी ही दोन संशोधन केंद्रं.

क्लाउड भाड्याने का घेऊ नये?

घ्यावा की. वर्षातून दोनदाच मोठं काम निघत असेल तर भाड्याचाच हिशोब बरा. लग्नासाठी कोणी शंभर माणसांची भांडी विकत घेत नाही.

पण काम रोजचं असेल तर भाडं थांबत नाही. आणि माहिती हलवायला लागणारा वेळ लोक धरतच नाहीत. १० टेराबाइट माहिती १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून पाठवायची तर जोडणी पूर्ण वेगाने अखंड चालली तरी सव्वानऊ दिवस लागतात. उपग्रहाची छायाचित्रं, जनुकांच्या नोंदी यांना १० टेराबाइट काही फार नाहीत. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १०,३७२ कोटींचं इंडियाएआय मिशन मंजूर केलं. संशोधकांना स्वस्तात जीपीयू, म्हणजे एकाच वेळी हजारो हिशोब करणारे खास प्रोसेसर, मिळण्याची सोय त्यात आहे आणि तिचा फायदा जरूर घ्यावा. पण तिथेही रांग आहे, शेड्युलर आहे, मागणी लिहावीच लागते. ज्या मुलांनी कॉलेजच्या जुन्या क्लस्टरवर ते लिहायला शिकून घेतलंय, त्यांना तिथे पहिल्या दिवसापासून काम करता येतं.

नवतपा आणि मशीनची खोली

नागपुरात राहून हे लिहिलं नाही तर लेख अपुरा राहील. एक नोड पूर्ण जोरात ४०० वॉट खातो असं धरा. वीस नोडचे झाले ८ किलोवॉट, दिवसाला १९२ युनिट. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते, दोन किलोवॉटच्या चार गीझरइतकी, अखंड. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे नुसत्या यंत्रांसाठीच सव्वादोन टनांहून थोडं जास्त लागतं. भिंती तापतात त्याचं वेगळं. नवतप्यात बाहेर ४५ अंश असताना दोन टनांचे दोन एसी आळीपाळीने नव्हे, दोन्ही चालवावे लागतात, आणि तिसरा हाताशी असावा.

दरवर्षी कोणीतरी सुचवतं की कूलर लावा. घराला कूलर उत्तमच. पण त्याला खिडकी उघडी लागते, तो दमट हवा आत ढकलतो आणि सोबत मे महिन्यातली सगळी धूळ. सर्व्हरला ह्या तिन्ही गोष्टी मारक आहेत. एसीसाठी पैसे नसतील तर मे महिन्यात निम्मे नोड बंद ठेवा. स्लर्मला तसं सांगता येतं, तो त्यांच्याकडे काम पाठवत नाही. पंधरा जूननंतर परत उघडा.

बाहेरचा कोणी आत शिरला तर?

मे २०२० मध्ये युरोपातली बरीच सुपरकॉम्प्युटर केंद्रं काही दिवस बंद ठेवावी लागली, त्यात एडिंबराचं आर्चरही होतं. चोर शिरले ते संशोधकांच्या चोरलेल्या एसएसएच लॉगिनने, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीतून. एका केंद्राचा वापरकर्ता दुसऱ्या केंद्रातही असतो आणि एका जागची किल्ली दुसरीकडे चालते, त्यामुळे आग घरोघर पोचली. जे जोडण्यात सुख तेच जोडण्यात भय. म्हणून आपली लॉगिनची खासगी किल्ली, म्हणजे ती गुप्त फाइल, मित्राला कॉपी करून द्यायची नाही, तिला पासफ्रेज (लांब पासवर्ड) लावायचा, आणि पास होऊन गेलेल्या विद्यार्थ्याचं खाते त्याच महिन्यात बंद करायचं. लिनक्सही ताजं हवं. लिनक्सच्या सेंटओएस ७ या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ ला संपली, तरी कितीतरी कॉलेजांचे क्लस्टर अजून त्यावरच आहेत, कारण ‘चालू आहे ना, मग हात कशाला लावा’. रॉकी किंवा अल्मा लिनक्सकडे जायला सुटीचा एक आठवडा राखून ठेवा.

वीज आल्यावर आधी कोणी उठायचं

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते माणूस गेल्यावर. एखादा हुशार विद्यार्थी दोन वर्षं खपून क्लस्टर उभा करतो, पास होतो, पुण्याला नोकरीला जातो, आणि सगळी माहिती त्याच्या डोक्यातून त्याच्यासोबत जाते. पुढच्या पावसाळ्यात वीज गेली की ते डबे कायमचे गप्प होतात. अशा खोल्या मी पाहिल्या आहेत, धूळ बसलेल्या, आणि वाईट वाटतं.

त्या सोमवारनंतर आम्ही रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवला, मराठीत, मोठ्या अक्षरांत. आधी एसी चालू करून वीस मिनिटं थांबा. मग नेटवर्क स्विच. मग मुख्य नोड, आणि सामायिक डिस्क दिसते का ते बघा. ती दिसल्याशिवाय मागच्या एकाही नोडचं बटण दाबू नका, नाहीतर ते फाइली शोधत अडकून बसतील. मग नोड एकेक करून, मध्ये अर्धा मिनिट सोडून, म्हणजे यूपीएसवर एकदम भार येणार नाही. कागद छापील आहे. त्याच्या वरच्या कोपऱ्यात त्या विद्यार्थिनीने निळ्या पेनाने एक ओळ वाढवली आहे: “पहिले सगळ्या नोडवर तारीख पाहा.”